दोरीवरचा एप्रन

ऐक ना, आधी फक्त ऐक. मध्ये तोंड घालू नकोस, आणि मी दम खायला थांबले तर तेवढ्यात ‘मग?’ म्हणून टोकू नकोस. आमच्या ऑफिसातल्या जॅनिस पास्कचं सांगतेय. तू तिला पाहिलंयस, पार्टीत कोपऱ्यात उभी राहून एकटीच शेंगदाणे संपवणारी, ती. तो उन्हाळा आठवतो ना, लंडन नुसतं भाजून निघालं होतं, बागांतलं गवत पापडासारखं वाळलेलं, कुणी नळाला पाइप लावला तर शेजारी चहाडी करायला धावायचे, आणि ते लाल ठिपकेवाले किडे, भिंतींवर, केसांत, चहात, जिथे बघावं तिथे. तर त्या उन्हाळ्यात जॅनिस मागच्या खोलीत बसून बर्फ काढत होती. नाताळचा अंक. आमच्या ‘रम्पस’मध्ये, म्हणजे पोरांच्या चित्रकथांच्या साप्ताहिकात, नाताळ ऑगस्टातच येतो, छपाईला तेवढे महिने लागतात. आणि बर्फ काढायचा म्हणजे काय, काढायचाच नाही, कागद तसाच सोडायचा, फक्त कडेकडेनं शाईची रेघ अशी फिरवायची की पोरांना पान उघडल्याबरोबर थंडी वाजली पाहिजे. तिच्या मनगटाखाली टिपकागद होता, घाम कागदाला लागू नये म्हणून, आणि तो टिपकागद ओला झाला होता. टाकाच्या टोकावर शाई दौतीतून कागदापर्यंत येईस्तोवर सुकत होती. तिनं ‘नॉबी आणि गस’ ह्या मथळ्यातल्या अक्षरांवर बर्फाच्या टोप्या घातल्या, आणि मग पहिली चौकट आखायची म्हणून लेखक ट्रिंडरची स्क्रिप्ट पुढे ओढली. वाचायची तिची पद्धत उलटी. आधी शेवटची चौकट बघायची, कोण कुणावर बादली ओततोय ते, म्हणजे बाकीचं पान आपोआप तिकडे घसरत जातं. तर शेवटच्या चौकटीपाशी टाइप केलेलं होतं: ‘बर्फ. दोघं कुंपणाच्या दोन बाजूंना. गस कुंपणावरून पंख पुढे करतो, हात मिळवायला. लेन, वाटलं तर काढ. नसेल वाटत तर नेहमीची बादली काढ. मी समजेन.’

जॅनिसनं स्क्रिप्ट डोळ्यांजवळ धरली. बादली नव्हे, पंखही नव्हे. ‘लेन’. त्या एका शब्दासाठी. कारण तेरा वर्षांत हॉरेस ट्रिंडरनं त्या माणसाचं नाव घेतलं नव्हतं, ना तोंडानं, ना टाइपरायटरवर. ‘चित्रकारास सूचना’ एवढंच असायचं. ‘चित्रकारास सूचना: इथे बोकड मूर्ख दिसावा. विशेष कष्ट पडू नयेत.’ ‘चित्रकारास सूचना: मागच्या आठवड्यात कुंपण वाकडं होतं. चष्मा बदलावा.’ आणि चित्रकार, म्हणजे लेन ऑकंडन, लंडनच्याच कडेला, पेंजला, आपल्या घरी बसून उत्तर द्यायचा, तेही चित्रातच. गस बदकाच्या चड्डीला मागून ठिगळ. गसच्या चहात माशी. गसची मान एवढी लांब की चौकटीबाहेर जाऊन वरच्या चौकटीला आपटते, आणि ट्रिंडरची मान तू पाहिली आहेस, सांगायला नको. कुंपणाच्या एका बाजूला नॉबी बोकड, एका बाजूला गस बदक, लढाई संपून थोड्याच वर्षांनी ह्या दोघांनी मिळून काढलेली जोडी, पबमध्ये हसत हसत. लेनची बोकडदाढी बोकडाला, ट्रिंडरची चाल बदकाला. पोरं आठवड्याला वाट बघतात, पत्रं पाठवतात, नॉबीनं असं करावं, गसनं तसं. पोरांना काय माहीत की ती दोन म्हातारी माणसं भांडतायत, खरोखरची, एकमेकांशी बोलायचा तेवढाच एक रस्ता उरलाय म्हणून. नावं आमच्याकडे छापत नाहीत कुणाचीच. सही केली तर ती पांढऱ्या रंगानं बुजवायची, तसा शिरस्ताच आहे.

आणि आता ऐक, खरी गंमत. गंमत कसली, फासच तो. लेन ऑकंडननं दोन वर्षांत एक रेघ काढली नव्हती. उजवं अंग गेलं होतं त्याचं, सकाळी दाढी करता करता. बेलवुडनं, म्हणजे आमच्या संपादकानं, जॅनिसला खोलीत बोलावून दार लावलं होतं. ती नवीन होती तेव्हा, इतरांच्या पानांवर चौकटी आखायची, डाग बुजवायची. बेलवुड म्हणाला, “पोरी, तुझा हात म्हणजे आरसा आहे. ज्याच्यासमोर धरावा त्याचा होतो. लेनचं पान तू काढायचंस. लेनच्या घरी पान आणायला जातेस असं सगळ्यांना सांगायचं, आणि मागच्या खोलीत बसायचं.” तिनं विचारलं होतं, “आणि मिस्टर ट्रिंडर?” तर बेलवुड एकदम पुढे वाकला. “ट्रिंडरला कळता कामा नये. तो पोरांसाठी लिहीत नाही, मुली. तो लेनसाठी लिहितो. समोर लेन नाही असं कळलं ना, तर सोमवारी त्याच्या टाइपरायटरवर टोपण असेल, आणि लेनच्या घरी चूल बंद. दोघांची पोटं तुझ्या मनगटात आहेत, जप.” ‘आरसा’ हा शब्द तिला तेव्हा कौतुकाचा वाटला होता. पहिले महिने तर ती नुसती तरंगत होती. लेनची रेघ कशी सुरू होते, कुठे जाड होते, कुंपणाच्या फळीची गाठ तो कसा एका झटक्यात गोल काढतो, सगळं हातात उतरत गेलं. ट्रिंडरच्या टोमण्यांना उत्तरं द्यायला लागली. बादलीतून पाण्याबरोबर एक बेडकी पडते गसच्या डोक्यावर, आणि पुढच्या आठवड्यापासून ती जातच नाही, टोपीसारखी बसून राहते, ते तिचं. पण तिचं कसं म्हणायचं? लेनला सुचेल असंच तिला सुचायचं. दूधवाल्यासाठी चिठ्ठी लिहिताना तिच्या अक्षराचा शेपटा लेनसारखा वर वळायला लागला. एकदा डेप्टफर्डला आईकडे गेली असताना आईनं तिचं जुनं चित्र काढून दाखवलं, शाळेतलं, धक्क्यावरच्या बोटींचं, आणि जॅनिस ते बघतच राहिली, हे कुणी काढलं म्हणून. रेघ ओळखू येईना. घरातल्या जुन्या फोटोत एखादं मूल असतं, सगळे म्हणतात ही तू, आणि आतून काही हलत नाही, तसं.

म्हणून ‘लेन’ वाचून तिला आधी वाटलं, कळलं ह्याला. सापडले मी. मग परत वाचलं. नाही, कळलेलं नाही. तो लेनशीच बोलतोय. पण आज का? तेरा वर्षं गप्प बसलेला माणूस उन्हाळ्याच्या मध्यावर, बर्फाच्या पानात, पंख पुढे का करतो? खिडकीतून ऊन सरळ पानावर पडलं होतं, कोरा बर्फ डोळ्यांत घुसत होता, आणि एक लाल किडा मथळ्यावरून चालत चालत ओल्या शाईत गेला, बाहेर आला, मागे बारीक पावलांची रांग. तिनं तो फुंकरीनं उडवला आणि शेल्फवरून ताजा अंक ओढला, त्याच आठवड्यात स्टॉलवर लागलेला. आपलं पान. चौकटी सगळ्या ठीक. बोकड ठीक, कुंपण, गाठ, बादली, बेडकी. मग नजर मागे गेली, गसच्या अंगणात, कपडे वाळत घालायच्या दोरीवर. दोरी रिकामी होती.

एप्रन विसरली होती ती. लेनच्या प्रत्येक पानात, गेल्या तेरा वर्षांतलं कुठलंही काढून बघ, गसच्या दोरीवर एक एप्रन असतो, ठिपक्यांचा, झालर असलेला, दोन चिमट्यांना लटकवलेला. पाऊस असो, वारा असो, मागे एप्रन. बेलवुडनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, “दोरीवरचा एप्रन विसरायचा नाही. का, ते मला माहीत नाही, पण लेन तो कधी सोडत नाही.” दोन वर्षं तिनं सोडला नव्हता. आणि वसंतात एका आठवड्यात... तिला आठवलं कसं झालं ते. त्या दिवशी पहिल्यांदा तिनं लेनचं जुनं पान शेजारी ठेवलं नव्हतं. हात आपला आपण चालला होता, ती काहीतरी गुणगुणत होती, पान कधी संपलं कळलंच नाही, आणि संपल्यावर तिला एवढं हलकं वाटलं होतं की तिनं खाली जाऊन स्वतःला आइस्क्रीम घेतलं होतं. तोच दिवस, आणि नंतरच्या पानांतही हात तसाच चालला होता, दोरी रिकामीच. तिच्या डोक्यात एक विचार आला आणि तो तिला अजिबात आवडला नाही, पण तो जाईना. दोन वर्षांत त्या पानांवर तिचं स्वतःचं असं एकच काही होतं. ही चूक.

बेलवुडकडे गेली ती, स्क्रिप्ट घेऊन. तो टेबलाखाली पाय पाण्याच्या तसराळ्यात बुडवून बसला होता. शेवटची चौकट वाचली आणि स्क्रिप्ट तिच्याकडे अशी सरकवली जशी काही तिला वास येत होता.

“बादली,” तो म्हणाला.

“पण ते म्हणतायत...”

“काय म्हणतोय ते वाचलं मी. नाताळ आहे, म्हातारा हळवा झालाय. हे बघ, पंख मिळाला की जानेवारीत काय? दोघं कुंपणावर बसून शेकोटी घेणार? बादली काढ आणि गप घरी जा.”

“त्यांनी मिस्टर ऑकंडनना विचारलंय. मला नाही.”

“ऑकंडनच्या तोंडातून ‘नाही’शिवाय शब्द फुटत नाही दोन वर्षांत,” बेलवुड पाय हलवत म्हणाला. “म्हणजे त्याचं उत्तर तर ठरलेलंच आहे की!” आणि स्वतःच्याच विनोदावर हसला, पण डोळे हसले नाहीत. “परवा दुपारी छापखान्याचा माणूस येईल. पान तयार पाहिजे.”

ती पेंजला गेली. जाणं खोटं नव्हतंच कधी, दर आठवड्याला जायची ती, अंक घेऊन, पान ‘आणायला’. गाडीत सीटचं कापड गरम तव्यासारखं, मांडीला चिकटत होतं, आणि समोरच्या खिडकीत तिला आपला चेहरा दिसत होता, त्यातून घरांच्या मागच्या बाजू पळत होत्या, एकामागून एक अंगणं, एकामागून एक दोऱ्या, चादरी, पायजमे, पोरांचे फ्रॉक. ती प्रत्येक दोरीवर एप्रन शोधत होती. लेनची बायको, आयव्ही ऑकंडन, दारातच भेटली, भांडी विसळलेलं पाणी बादलीत घेऊन वालाच्या वेलांना घालायला निघालेली. “ये ये, राणी. सरकार म्हणतं पाणी वाचवा, दोघांनी मिळून एका टबात आंघोळ करा. मी ह्यांना म्हटलं, चाळीस वर्षांनी आता आठवलं का सरकारला!” लेन खिडकीपाशी खुर्चीत होता. दाढी आयव्हीनं नीट कातरलेली. उजवा हात मांडीवर ठेवलेला, कुणी दुसऱ्यानं ठेवून विसरून गेल्यासारखा. जॅनिसला तो हात बघवत नसे. तिला नेहमी वाटायचं, त्या हातातलं सगळं कुणीतरी काढून घेतलंय, आणि ते कुणी घेतलंय ते तिला माहीत होतं.

तिनं अंक त्याच्या डाव्या हातात दिला. द्यायला नको होता का? पण दर वेळी देत होती, ह्या वेळी न देणं म्हणजे कबूल करणंच. तो पान उलटत आला आपल्या पानापर्यंत. बघत राहिला. मग बोट दोरीवर ठेवलं. चहाचा कप त्याच्या कोपराशी होता, तो खाली गेला, त्यानं ढकलला की पडला कुणास ठाऊक, आणि बशी गालिच्यावर गोल गोल फिरत राहिली. “नाही,” तो म्हणाला. “नाही, नाही.” आणि मग जॅनिसनं त्याच्याकडून कधी न ऐकलेला शब्द. “डॉली.”

आयव्ही फडकं घेऊन खाली वाकली होती ती तशीच थांबली. “काय झालं? अगंबाई. एप्रन कुठाय?”

“मी विसरले,” जॅनिस म्हणाली. “डॉली कोण?”

“हॉरेसची बायको,” आयव्ही म्हणाली, आणि उठून खुर्चीत बसली, फडकं हातातच. “तुला कुणी सांगितलंच नाही का? आणि तू दोन वर्षं काढतेयस तिला! रविवारी आम्ही चौघं असायचो, ह्या घरात. डॉली माझ्या स्वयंपाकघरात घुसायची, तो ठिपक्यांचा एप्रन बांधून. ॲपल पाय भाजावा तर डॉलीनं. गसची बायको होती ना आधी चित्रात, लाटणंवाली? ती डॉलीच. ह्यांनी काढली, हॉरेसनं लिहिली, ती वाचून स्वतः खो खो हसायची. मग तेरा वर्षांपूर्वी जानेवारीत वारली ती, आठवड्याभराच्या आजारात. हॉरेसनं पुढची स्क्रिप्ट पाठवली, ‘गसची बायको बहिणीकडे गेली आहे.’ एवढंच. आता ह्यांना काय करायचं होतं? ह्यांनी तिचा एप्रन दोरीवर घातला. म्हणजे, घर तिचंच आहे असं. जागा राखून ठेवली तिची.” तिनं लेनकडे पाहिलं. “आणि हॉरेस अंक घेऊन आला ह्यांच्या टेबलापाशी, तेव्हा हे ऑफिसात बसायचे, आणि एक शब्द न बोलता शाईची दौत ओतली चालू पानावर. त्याला वाटलं, ह्यांनी थट्टा केली. मेलेल्या बाईची धुणी वाळत घातली पोरांच्या अंकात.”

“मग सांगायचं ना त्यांना!”

“मी फोन उचलला होता एकदा. ह्यांनी हातातून काढून घेतला. म्हणाले, ज्याला बघून कळत नाही त्याला सांगून काय करायचं. बोकड तो बोकडच.” ती हसायला गेली, पण ते हसू ओठांपर्यंत आलं नाही. “आणि मग दर आठवड्याला काढत राहिले. हट्टानं की प्रेमानं, मला विचारू नकोस, मी चाळीस वर्षं ह्यांच्याबरोबर काढली, मला तो फरक अजून कळलेला नाही.”

जॅनिसला खोली लहान होत चालल्यासारखी वाटली. म्हणजे तेरा वर्षं तो माणूस दर आठवड्याला अंक उघडत होता आणि दर आठवड्याला त्याच्या जखमेवर एप्रन वाळत होता. आणि एका आठवड्यात दोरी रिकामी. त्याला वाटलं, लेननं काढून घेतला. शेवटी. न बोलता, लेनसारखाच. म्हणून तो पंख. तिनं स्क्रिप्ट पिशवीतून काढून आयव्हीला दिली. आयव्हीनं ती मोठ्यानं वाचली, ‘लेन’पाशी आवाज अडखळला, ‘मी समजेन’पाशी थांबलाच. लेन ऐकत होता. त्याच्या चेहऱ्याचा डावा अर्धा भाग हलत होता आणि उजवा नुसता हजर होता. जॅनिस त्याच्यासमोर गुडघ्यावर बसली. “काय काढू, मिस्टर ऑकंडन? तुम्ही सांगाल ते काढते. पंख?” तिच्या केसांत पेन्सिल खोचलेली होती, ती त्यानं डाव्या हातानं उपसून घेतली, स्क्रिप्टचा कागद मांडीवर ओढला, आणि शेवटच्या चौकटीच्या मजकुराखाली काढायला लागला. किती वेळ लागला. रेघ जात होती, भरकटत होती, परत येत होती, बर्फावरून घसरत चालणाऱ्या म्हाताऱ्यासारखी. एक दोरी. दोन चिमटे. मध्ये एक चौकोन, झालर म्हणून नुसते खिळे मारल्यासारखे ठोके, आणि आत ठिपके, एकेक, दाबून दाबून. पंखही नाही, बादलीही नाही. मग पेन्सिल त्याच्या हातातून सुटली. “लाव,” तो म्हणाला. तोही नवा शब्द. “लाव.”

आयव्ही तिला फाटकापर्यंत सोडायला आली. “पंख काढ तू, आणि एप्रनही काढ,” ती हळूच म्हणाली. “दोन्ही काढ.” आणि मग तिलाच कळलं. “पण दोरीवर एप्रन परत दिसला तर हॉरेसला वाटेल...” तिनं वाक्य तिथेच सोडलं आणि रिकामी बादली ह्या हातातून त्या हातात घेतली.

परतीच्या गाडीत जॅनिसच्या मांडीवर तो कागद होता आणि ती त्या रेघेकडे बघत होती. जगात लेन ऑकंडनच्या हातची शेवटची रेघ ही, आणि ती कुणाला दाखवली तर कुणी म्हणणार नाही ही त्याची. शाळेतल्या पोरानं काढली म्हणतील. आणि तिची स्वतःची, खोटी, ती शंभर पोरांनी भिंतीला चिकटवलेली, ती त्याची. तिला उगाचच मोठ्यानं हसायला आलं, शेजारच्या बाईनं छत्री जवळ ओढली. एप्रन लावला तर ट्रिंडरला वाटणार, मी पंख पुढे केला आणि त्यानं परत माझ्या बायकोचं धुणं नाकासमोर धरलं. नाही लावला तर लेन नाताळात ते पान उघडणार, आणि त्याच्या डोळ्यांसमोर डॉली दुसऱ्यांदा पुसलेली असणार, त्याच्याच हातानं, म्हणजे तिच्या. आणि सगळं सांगून टाकलं तर टाइपरायटरवर टोपण. बेलवुड चुकीचं बोलला नव्हता. ट्रिंडरला राग आहे म्हणून तो सकाळी उठतो, हे तिला त्याच्या वाक्यांतून माहीत होतं, दोन वर्षं त्याच्याशी भांडून. तुला सांगते, त्या ऑफिसात त्या माणसाला तिच्याइतकं जवळून कुणी ओळखत नव्हतं, आणि जिन्यात भेटला तर तो तिला ‘गुड मॉर्निंग, मिस...’ म्हणायचा आणि पुढे नाव आठवत नसे.

ज्या दिवशी छापखान्याचा माणूस येणार त्या दुपारी पान झालं होतं, म्हणजे जवळजवळ. बर्फ, कुंपण, बोकडाच्या शिंगांना अडकवलेली नाताळची झालर, शेवटच्या चौकटीत गस. तिनं पंख काढला होता. आणि बोकडाचा हात, कुंपणाच्या वर, अर्ध्यात. मागे दोरी, दोन चिमटे, मधली जागा कोरी. ती त्या कोऱ्या जागेवर टाक धरून बसली होती. शाई टोकावर सुकली, तिनं टाक पुसला, परत बुडवला, परत सुकली. टाक तिच्या हातात होता पण हात कुणाचा ते ठरत नव्हतं. लेनचा असता तर लावला असता. ट्रिंडरच्या बाजूनं असता तर सोडला असता. तिनं स्वतःला विचारलं, मी काय काढेन, आणि ऐकू आली ती नुसती उकाड्यातली गुणगुण, किड्यांची की पंख्याची. आणि दार वाजवल्याशिवाय उघडलं.

“बेलवुड जागेवर नाही,” ट्रिंडर म्हणाला. “लेनचं पान आलं का, एवढंच विचारायचं होतं.” उंच, वाकलेला, कोट अंगात तशा उन्हातही. तो तिच्याकडे बघतच नव्हता. टेबलाकडे बघत होता. तिनं टिपकागद ओढला, पण उशीर झाला होता, ओल्या शाईला ऊन लागून ती चमकत होती.

“ओली आहे,” तो म्हणाला.

तिनं टाक पुसला.

“पेंजहून इथवर आली आणि ओली आहे.” तो आत आला, दार त्यानं हात मागे नेऊन लावलं. “कधीपासून?”

“दोन वर्षं,” जॅनिस म्हणाली. “त्यांचं अंग गेलंय. उजवं. बोलताही येत नाही.”

ट्रिंडर तिथल्या जुन्या अंकांच्या गठ्ठ्यावर बसला. मान खाली गेली, आणि तिला भयंकर वाटलं, पण तिला तो त्या क्षणी अगदी गससारखा दिसला, बादली पडल्यानंतरच्या चौकटीतला. “बेडकी?” त्यानं विचारलं.

“माझी.”

“मला वाटलं लेन सुधारला.” तो हसला की खोकला कळलं नाही. “दोन वर्षं मी एका पोरीशी भांडतोय. बरी भांडतेस.” खाली रस्त्यावर कुणीतरी बर्फाच्या लादीची गाडी ढकलत होतं. तो उठला, पानाजवळ आला, आणि लांब बोट दोरीवर ठेवलं, कोऱ्या जागेपासून जरा दूर, शाई लागू नये असं. कागदाशी वागायची सवय होती त्याला. “हे बघ, मिस...”

“पास्क.”

“मिस पास्क. पंख तू काढलास, ठीक आहे, तो तुझा झाला. बाकी सगळं तुझं, मान्य. मला एकच सांग. ह्या आठवड्याच्या अंकात ही दोरी रिकामी होती.” त्याचा आवाज एकदम बारीक झाला. “तेवढं तरी त्याचं ना? त्यानं सांगितलं म्हणून ना? काढून टाक, असं?”

टेबलावर टिपकागद होता, आणि टिपकागदाखाली तो कागद, लेनचा, वेडावाकडा एप्रन असलेला. तिच्या कोपराखाली. फक्त कोपर उचलायचं होतं. बघ ना, त्या दोन वर्षांत तिची स्वतःची म्हणून एकच गोष्ट होती आणि हा माणूस नेमकी तीच मागत होता, दुसऱ्याच्या नावानं. आणि त्याची मान अशी पुढे आलेली, चौकटीबाहेर.

“हो,” जॅनिस म्हणाली. “त्यांनीच सांगितलं.”

ट्रिंडरनं मान हलवली. एकदा, दोनदा. मग खिशातून रुमाल काढून, नाक नाही, डोळे नाही, ते बोट पुसलं ज्याला शाई लागलीच नव्हती. “पेंजची गाडी कुठून? अजून व्हिक्टोरिया स्टेशनहूनच?”

“मिस्टर ट्रिंडर, आज नको, त्यांना बोलता येत नाही...”

“मला येतं,” तो म्हणाला. “तेरा वर्षं झाली, बाई. जाऊन त्याला म्हणतो, बोकडा, बरं केलंस, एप्रन काढून घेतलास ते. एवढं बोलायला किती वेळ लागतो?” आणि गेला. जिन्यावर त्याची पावलं, बदकासारखी, आधी हळू, मग चक्क भरभर.

ती उठली. खिडकीतून त्याची टोपी दिसली, कोपऱ्यावर वळताना. भिंतीवर फोन होता. तिनं पेंजचा नंबर फिरवला, बोट डायलच्या भोकात घसरत होतं घामानं, तिकडे घंटी वाजायला लागली, आणि इकडे जिन्यावर दुसरी पावलं चढत होती, जड, छापखान्याच्या माणसाची, पान न्यायला आलेला. एका हातात फोन, दुसऱ्या हातात टाक, समोर दोन चिमटे आणि मध्ये कोरा बर्फ, आणि पलीकडे आयव्ही म्हणाली, “हॅलो? कोण बोलतंय?” तिच्यामागून, खुर्चीतून, तो आवाज, एकच शब्द, परत परत, “लाव, लाव.” म्हणजे थोड्या वेळात ट्रिंडर त्या दारात उभा राहणार, टोपी हातात घेऊन, आभार मानायला, आणि लेन त्याला हे ऐकवणार.

“हॅलो?” आयव्ही म्हणाली. “अगं बोल ना कुणीतरी.”

बोल आता. तू असतीस तिथे, तर काय म्हणाली असतीस आयव्हीला? आणि त्या दोरीवर काय काढलं असतंस?